जिलेटिन नसलेली कॅप्सूल

लेबल वाचण्यात माझा हात धरणारं आमच्या लंडनमध्ये कोणी नव्हतं. लंडन म्हणजे कॅनडातलं, ओंटारिओतलं, टोरांटोपासून दोन तासांवरचं. राणीबिणी इकडे कोणी राहत नाही, हे मी गावाकडे इतक्या वेळा सांगितलंय की आता कंटाळा येतो. ग्रोसरीला गेलं की नवरा कार्ट घेऊन पुढे निघून जायचा, आणि मी एकेका पाकिटाला नाक लावून उभी. बिस्किटात लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, आहे का, दह्यात जिलेटिन आहे का, चीजमध्ये वासराच्या पोटातलं ते काय असतं ते आहे का. मुलीला आवडणारी रंगीत चिकट गोळी मी पाच वर्षं घरात येऊ दिली नाही, कारण तिच्यात जिलेटिन, म्हणजे हाडाकातड्याचं. नवरा म्हणायचा, "तुला पगार ऑफिसात मिळतो, पण काम तू इथेच करतेस." ऑफिसात मी सॉफ्टवेअर टेस्टर होते. दुसऱ्याच्या चुका शोधायच्या आणि वर तोंड करून त्या दाखवायच्या, हा माझा धंदा. त्याचा मला माजही होता. आज सांगायला लाज वाटते, पण होता.

वडील गेल्यावर दोन वर्षांनी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली, सप्टेंबरात. सांगलीला ती धाकट्या भावाकडे राहायची. प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवलेली बाई, त्यामुळे रिकामं बसणं तिला ठाऊक नाही. आल्याच्या चौथ्या दिवशी तिने माझं सगळं स्वयंपाकघर उपसलं आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली. मुलीच्या वहीचा कागद, शाळेतलं ते वळणदार अक्षर, आणि नुसतं नाव लिहून तिचं भागायचं नाही. खाली एक सूचना असायचीच. "हिंग. झाकण घट्ट लावणे." "भाजणी, उपवासाची. चमचा कोरडा असावा." "मीठ. जावईबापूंनी चहात घालू नये." नवऱ्याने एकदा खरंच घातलं होतं, त्याची ती आठवण.

"आई, काचेच्या बरण्या आहेत, आतलं दिसतं की."

"दिसतं म्हणून कळतं असं नाही," ती म्हणाली आणि बारीक रव्याच्या बरणीवर डिंक फासत राहिली.

तिचे गुडघे मात्र कामातून गेले होते. आमचं घर तीन मजल्यांत वाटलेलं, बेडरूम वर, स्वयंपाकघर मधे, आणि कपडे धुवायचं मशीन खाली बेसमेंटमध्ये. ती जिना बसून उतरायची, एकेक पायरी, लहान मूल उतरतं तशी. मी बघत असले की म्हणायची, "घसरगुंडी नाही का तुमच्याकडे, सोपं पडलं असतं." थंडी वाढली तशी ती वरच राहायला लागली. नोव्हेंबरात एका दुपारी ऑफिसातून लवकर आले, तर ती वॉशरूममध्ये कमोडवर बसून रडत होती. उठता येत नव्हतं. किती वेळ बसली होती ते तिने मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

व्हिजिटर इन्शुरन्समध्ये जुनं दुखणं बसत नाही, आणि तिला डॉक्टरकडे जायचंच नव्हतं. म्हणून मी शोधाशोध केली. आमच्या भागात नैसर्गिक औषधांचं एक दुकान होतं, लाकडी फळ्या, उदबत्तीसारखा वास, काउंटरला एक हसरी गोरी बाई. तिने सांध्यांच्या कॅप्सूलची बाटली पुढे ठेवली. हिरव्या पानाचं चित्र, शंभर टक्के वनस्पती, कोणतंही रसायन नाही. मी बाटली हातात घेतली आणि माझं नेहमीचं काम सुरू केलं. हळद, सुंठ, शल्लकी, अश्वगंधा. सगळी आपल्याकडची, नावं लॅटिनमध्ये इतकंच. मग मी बघितलं ते कवच. कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं. इथे स्पष्ट लिहिलं होतं, शाकाहारी, झाडाच्या लगद्यापासून. मला एवढा आनंद झाला की मी त्या बाईला म्हणाले, असं लिहिणारे लोक फार कमी असतात. ती म्हणाली, ते फार प्रामाणिक लोक आहेत.

इथल्या कायद्याने अशा प्रत्येक बाटलीवर सरकारी परवान्याचा आठ आकडी नंबर असायला हवा, हे मला माहीत होतं. विक्सच्या डबीवरसुद्धा मी तो कधीकधी बघायचे. ह्या बाटलीवर मी तो बघितलाच नाही. कवच शाकाहारी म्हटल्यावर माझ्या लेखी ती बाटली सोवळ्यातली झाली होती.

भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, नक्की काय आहे हे? कुणाला विचारलंस का?"

"हे बघ, तुमच्या तिकडे कोपऱ्यावरचा कोणीही पुड्या बांधून देतो, तसलं नाही हे. इथे सरकार सगळं तपासतं," मी फटकन म्हणाले. त्याने विषय बदलला. मोठ्या बहिणीशी वाद घालायची आमच्या घरात रीत नव्हती, आणि मी ती पडूही दिली नव्हती.

आठ दिवसांत आई उभ्याने जिना उतरली. मी खोटं सांगत नाही. पंधराव्या दिवशी ती बेसमेंटमधून कपड्यांची बास्केट घेऊन वर आली आणि मला म्हणाली, "बघतेस काय, धर की." डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला तेव्हा आम्ही झोपून उठायच्या आत तिने साडीवर नवऱ्याचं जॅकेट चढवून फावड्याने अर्धा ड्राइव्हवे शोव्हल केला होता. शेजारचा म्हातारा खिडकीतून तिला अंगठा दाखवत होता आणि ती त्याला नमस्कार करत होती. तिला भूक लागायला लागली. रात्री दोनदोन पोळ्या जास्त खायची. गाल भरले. मराठी मंडळाच्या संक्रांतीला बायका म्हणाल्या, काकूंना कॅनडा मानवला हो. मी सगळ्यांना बाटलीचं नाव सांगत सुटले.

एकटी माझी मुलगी, नऊ वर्षांची, एकदा जेवताना आजीकडे बघत म्हणाली, "ममा, आजीज फेस इज टू राउंड. इट्स नॉट हर फेस." आम्ही सगळे हसलो. आई सगळ्यात जास्त हसली. तिच्या हातांवर निळे डाग उठायचे, जरा कुठे आपटलं तरी. ते मी बघितले होते. वय झालं की कातडी पातळ होते, असं मीच तिला सांगितलं.

मार्चमध्ये ती परत निघाली. दहा बाटल्या आणल्या होत्या मी, वर्षभर पुराव्यात म्हणून. दोन बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो, त्यात भावाच्या मुलांची चॉकलेटं, वहिनीचा मिक्सर, ह्याला शर्ट, त्याला बूट. मी वजनकाट्यावर बॅग ठेवून एकेक गोष्ट बाहेर काढत होते. बाटल्या जाड होत्या आणि अर्ध्या रिकाम्या, वर कापूस कोंबलेला. मी सगळ्या कॅप्सूल दह्याच्या एका मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात ओतल्या आणि बाटल्या रिसायकलिंगच्या निळ्या पेटीत टाकल्या. आपण सगळे हेच करतो. खोकी फोडायची, पिशव्यांत भरायचं, वजन वाचवायचं.

"एक बाटली राहू दे की," आई म्हणाली. "वर लिहिलेलं असतं, कधी लागलं तर."

"मी वाचलंय ना सगळं. काय हवं ते मला विचार."

"बरं बाई," ती म्हणाली. डबा साड्यांच्या मधे ठेवला आणि बॅगेवर बसून चेन लावली.

जूनच्या एका शनिवारी सकाळी मी त्या दुकानात गेले. ओळखीचं एक कुटुंब भारतात निघालं होतं, आईचा आधीचा संपला नव्हता, पण सोबत मिळतेय तर पुढचा साठा पाठवून द्यावा म्हटलं. सांध्यांच्या औषधांची फळी रिकामी. तिथे एक कागद चिकटवलेला, सरकारच्या आरोग्य खात्याचा, अर्धा इंग्रजीत आणि अर्धा फ्रेंचमध्ये. त्या कॅप्सूल प्रयोगशाळेत तपासल्या होत्या. त्यात लेबलवर न लिहिलेलं स्टिरॉइड सापडलं होतं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही असलं. उत्पादनाला परवाना नव्हता. लेबलवरचा मजकूर दिशाभूल करणारा होता. विक्री थांबवली आहे, माल परत घेतला जात आहे.

माझं डोकं असं फिरलं की पुढचं वाचायला मी थांबले नाही. काउंटरवरच्या बाईला वाट्टेल ते बोलले. ती आता हसत नव्हती. म्हणत होती, आम्हालाही माहीत नव्हतं, सरकारची माणसं आली आणि पेट्या उचलून घेऊन गेली. मला त्या सरकारचं तेव्हा काय कौतुक वाटलं. बरं झालं, असंच पाहिजे ह्या लोकांना. मी ताडताड पार्किंगमध्ये आले आणि घरी येऊन कॉलिंग कार्डाचे आकडे दाबले.

सांगलीत संध्याकाळ होती. आई देवापुढे दिवा लावून नुकतीच बसली होती. मी तिला भडाभडा सगळं सांगितलं, की ते लबाड लोक आहेत, त्यात नको ते घातलंय, आजपासून एकही घ्यायची नाही.

"पण गुडघा थांबलाय गं माझा," ती म्हणाली. "सकाळी दत्ताच्या देवळापर्यंत चालत जाते मी. निदान हळूहळू कमी करते. दोनाच्या ऐवजी एक."

"नाही. विष आहे ते. एकही नाही."

"बरं, बघते."

हे 'बघते' मला लहानपणापासून माहीत होतं. बघते म्हणजे करणार नाही. तेव्हा मी तिचंच हत्यार काढलं. शाळेत असताना मी चिंचा खाऊ नयेत म्हणून ती जे करायची ते. म्हणाले, "आई, माझी शपथ आहे तुला. एक जरी गोळी घेतलीस तर माझी शपथ."

ती म्हणाली, "असली शपथ घालू नये गं. बरं. नाही घेत."

"आणि दादूला काही सांगू नकोस." धाकट्या भावाला आम्ही घरात दादूच म्हणतो. "तो उगाच काळजी करेल." काळजीबिळजी काही नाही. तो मला म्हणाला असता, ताई, मी विचारलं होतं ना. तेवढं ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. एवढंच होतं ते.

मंगळवारी फोन केला. आईचा आवाज खोल गेलेला. गुडघा परत धरला होता, पण ते ती उडवून लावत होती. तोंडाला चव नाही, मळमळतंय, भिंत धरून चालते म्हणाली. "पण तुझी शपथ मोडली नाही हो. डबा मी वरच्या फळीवर ठेवून दिलाय, हात पुरू नये असा."

"शहाणी माझी," मी म्हणाले. "शरीरातलं विष निघतंय, म्हणून असं होतंय. चार दिवस कळ काढ."

तिला मी हे सांगितलं. माझ्याच तोंडाने.

शुक्रवारी ऑफिसात भावाचा फोन आला. तो कधी ऑफिसात फोन करत नसे. आईला दोन दिवस उलट्या होत होत्या, दुपारी न्हाणीघरात पडली, बीपी सापडत नव्हतं, दवाखान्यात आणलंय. डॉक्टर म्हणतायत पोटाचं काहीतरी असावं, सलाइन चालू आहे, पण बीपी वर येत नाही. "औषधं कोणती चालू होती विचारलं त्यांनी. मी म्हटलं काही नाही, ते तुझं आयुर्वेदिक होतं, तेही डब्यात बिननावाचं. आई म्हणाली तेपण घेत नाही आता."

"हो, ते बंदच आहे," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि स्क्रीनवर तो सरकारी कागद शोधून काढला. कशासाठी शोधला ते मला अजून नीट सांगता येत नाही. दुकानात वाचला होता तेवढा भाग पुन्हा वाचला, आणि मग पहिल्यांदाच खाली गेले. खाली लिहिलं होतं, ज्यांनी हे बरेच दिवस घेतलंय त्यांनी ते स्वतःहून एकदम बंद करू नये. आधी डॉक्टरकडे जावं. शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवलेलं असतं, त्यामुळे अचानक बंद केल्यास ते कोसळू शकतं. पुढे लक्षणं दिली होती, मळमळ, उलट्या, अतिशय अशक्तपणा, रक्तदाब उतरणं, शुद्ध हरपणं. साधी, सोपी इंग्रजी वाक्यं. शेजारी तेच फ्रेंचमध्ये. दोन भाषांत लिहून ठेवलं होतं त्यांनी.

भावाचा मोबाइल लागेना. वाजायचा आणि बंद व्हायचा. पाऊण तास मी नंबर फिरवत होते, ऑफिसातल्या मुली पाण्याचा ग्लास घेऊन उभ्या. शेवटी वहिनीने उचलला. तिला मी स्टिरॉइडचं सांगितलं, हे डॉक्टरला आत्ताच्या आत्ता जाऊन सांग म्हणाले. ती बिचारी पळत गेली. डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं, बीपी थोडं वर आलं. रविवारी पहाटे आई गेली. मी तेव्हा विमानात होते.

डॉक्टर तरुण होते, नीट बोलले माझ्याशी. म्हणाले, त्यांच्या हृदयावर आधीच ताण आला होता, नक्की असं काही सांगता येत नाही. मग म्हणाले, एक दिवस आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणाले, मला आठवडाभर आधी माहीत होतं. त्यांना वाटलं मी शोकात काहीतरी बरळतेय.

भावाला मी दहाव्या दिवशी सगळं सांगितलं, घाटावरून येताना. शपथेचंही, त्याच्यापासून लपवलेलंही. तो शिव्या देईल म्हणून मी तयार होते. खरं तर मला त्या हव्या होत्या. तो रस्त्याकडेला उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "ताई, तू तर सगळं वाचतेस ना."

तेरावं झाल्यावर मी निघाले. बॅग भरत होते तेव्हा वहिनी स्टुलावर चढली आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवरून दह्याचा तो डबा काढून तिने माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, "हा तिकडे घेऊन जाता का? तुमच्या सरकारला दाखवायला लागला तर. इथे मुलं आहेत घरात." आत अर्ध्याहून जास्त कॅप्सूल तशाच होत्या. झाकणावर भावाच्या मुलाच्या वहीचा कागद, चारी कोपरे डिंकाने नीट बसवलेले. अक्षर जरा हललेलं होतं, पण तेच.

"गुडघ्याच्या गोळ्या. घेऊ नयेत. लेकीची शपथ आहे. कितीही दुखलं तरी."